महादेवानं टँकर प्याला

चि. सौ. गंगम्मा हिला थोरल्या बहिणीचा, मल्लम्मेचा पोटभर आशीर्वाद. तुझ्या मालकाला, मलप्पाला शरणार्थ सांग. तुझी कंबर कशी आहे? माझी धड होती, लातूरला जाऊन मोडून आणली. (मलप्पाची विचारत नाही. तसली माणसं आजारी पडत नाहीत, घरच्यांना पाडतात.)

गंगे, मला अजून धक्क्यातून उठता येईना. उस्मानाबाद लांब पडतं म्हणून आमच्या भागाला लातूरचा नवा जिल्हा दिला, पण त्यात पाणी घालायचं राहिलं. गावची विहीर चैतातच आटली. सरपंच साहेबराव कचेरीत जायला लाजतो (निवडून यायला लाजला नाही), म्हणून टँकरचा अर्ज घेऊन मीच गेले, संगं नात सिंधु. पहिला कारकून म्हणाला, डाव्या विंगमध्ये जा. डावीनं उजवीकडं धाडलं, उजवीनं मागच्या विंगला. सिंधु दहावीची, ती म्हणाली, आज्जी, विंग म्हणजे पंख. पाखराचा पंख विंग, इमारतीचं अंग विंग, नाटकवाले ज्याच्या आड उभे राहतात तीही विंग, आणि पार्टीच्या बायकांचीसुद्धा एक विंग असते म्हणे. मी थक्क! एवढे पंख, आणि अर्ज जागचा हलेना. शेवटी मधल्या दारात बसकण मारली. म्हटलं, "पंख लई बघितले, आता चोच कुठं हाय सांगा, तिथंच अर्ज घालते." मोठा साहेबच बाहेर आला. सही झाली.

गुरुवारी टँकर आला. बायका घागरी घेऊन उभ्या, तोच पुजारी शंकरप्पा आडवा आला. म्हणाला, आधी महादेवाचा गाभारा भरा, पिंड बुडाली की पाऊस पडतोच, आजवर चुकलं नाही. (चुकेल कसं? गरज असते तेव्हा पाणी नसतं, म्हणून गाभारा कधी भरलाच नव्हता.) गाभाऱ्याच्या मोरीत चिंध्या कोंबल्या आणि घागरी-घागरींनी पुरा टँकर महादेवावर रिता केला! आभाळ तसंच कोरडं ठक्क. आता ते पाणी उपसू देत नाहीत, तीर्थ झालं म्हणे. म्हशींना तीर्थ चालतं का विचारलं, तर शंकरप्पा अंगावर धावून आला.

तुझी,
मल्लम्मा

ता. क. गाभाऱ्यात पहिली घागर कुणी ओतली ते तुझ्या कानावर येईलच. मीच ओतली. मला वाटलं, पडंल.

आणखी एक. तुमच्या विहिरीला पाणी आहे असं कळलं. सोमवारच्या यष्टीनं मी, सून आणि सिंधु मुखेडला येतो, पाऊस पडेस्तोवर. म्हशींना यष्टीत घेत नाहीत, म्हणून लेक त्यांना घेऊन आज पहाटेच चालत निघाला. पत्राच्या आधी म्हशी आल्या तर घाबरू नको, आमच्याच आहेत.