घामाचा थेंब नाही

मंगळवार, १२ मे, संध्याकाळ

दुपारी गिरणी चालू असतानाही भिंतीपलीकडच्या तालमीतून भाचा संग्राम बैठका मोजताना ऐकू येत होता. मोजता मोजता आकडे उलटसुलट व्हायला लागले, तसा मी पिठाच्या हातांनीच धावलो.

दारं-खिडक्या बंद. अंगात स्वेटर, वर रेनकोट! उद्या मुरगूडच्या कुस्तीआधी वजन करणार, ते उतरवायचं म्हणून सकाळपासून पाणीही बंद. अंगाला हात लावला तर तवा. आणि घामाचा थेंब नाही. एवढ्या उकाड्यात पैलवान कोरडा कसा?

"संग्राम, मी कोण रं?"

"पंच हायसा न्हवं? कुस्ती सोडवू नका."

रेनकोट फाडून काढला, ओली पोती गुंडाळली आणि रिक्षातून दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "उष्माघात. आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता." एक थेंब नव्हता घामाचा...

मी घरी यायला निघालो तेव्हा संग्रामनं डोळे उघडले.

"मामा, वजन उतरलं काय?"

मला ओळखून ‘मामा’ म्हणाला म्हणून जवळ घ्यावं, की पुढचं ऐकून थोबाडीत द्यावी, मला कळेना.