प्रयाग पुन्हा बाहेर बसली

३ जानेवारी १९३७, जऊळका
प्रयाग आज बाहेरची झाली! पन्नाशीच्या पुढची बाई, पाळी कधीची गेलेली. तिले रोज चारलेल्या माझ्या अश्वगंधा पाकाचा रिझल्ट, दुसरं काय? लेकरू नाही म्हणून बायकोले लोकायनं लई हिणवलं. आता पाहा म्हणा. पोरगं झालं की इंग्लिश मीच शिकवीन. गावात पेढे वाटले.

१९ जानेवारी
अजून बाहेरच. ओसरीच्या कोपऱ्यात बसून राह्यते. कोनी शिवत नाही, रीतच आहे. माझी विधवा बहीण सोजर म्हणे, दादा, इतके दिवस कायले लागून राह्यलं? वहिनीले डाक्टरले दाखव. सोजरले सायन्स कळत नाही. जवानी वापस आली तर जोरातच येईन ना!

९ मार्च
पोट दिसाले लागलं. म्हटलं होतं ना! बाहेर बसायच्या आधीच दिवस गेले असतीन. सुताराले सागाचा पाळणा सांगितला. प्रयागले विचारलं, खूष आहेस ना? हो म्हणे, अन् रडली. आनंदच तो.
सोजर म्हणे, पोटबी अन् इटाळबी, दोन्ही एकदम कसं? तिले गप्प बसवलं. मग विचार करत बसलो. पाळण्याले पॉलिश करायचं ठरवलं.

२ मे
जेवत नाही. डोहाळे असतीन.

१० मे, अकोला
सोजरनं भांडून ट्रेननं आणवलं. उतरताना प्रयाग म्हणे, हात द्या जरा. चारचौघांत इटाळशीले कसा हात देऊ? सोजरनं धरलं.
लेडी डाक्टर म्हणे, मूल नाही, अंडाशयावर गोळा आहे. असा क्वचितच होते. त्यातला रस रक्तात उतरते अन् शरीर फसते, पुन्हा तरुण झाल्यावानी वागते. म्हटलं, पुन्हा चेक करा. केलं. ऑपरेशनची वेळ गेली म्हणे, आधी काहून नाही आणलं? पाकाचं मी बोललो नाही.
प्रयागले सांगावं कसं, ते कळेना. तीच म्हणे, मले ठावं होतं काहीतरी वंगाळ आहे. पन तुमी इतके खूष होते. कोन्या तोंडानं सांगू?

२३ मे, जऊळका
प्रयाग सकाळी गेली. बाया दूरच उभ्या, इटाळशीले शिवावं कसं म्हणून. सोजर पुढं झाली. तिले म्हटलं, राहू दे, आंग मी धुतो. इतक्या महिन्यांत पह्यल्यांदा हात लावला. नुसती हाडं लागली. रोज समोर बसत होती, अन् मले पोटच दिसलं.