पितळी बूच

उस्ताद, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. मी पन्नाशीला टेकलो, म्हणजे तुमच्या तेव्हाच्या वयाचा झालो. गावच्या शाळेत गिरवलेलं अक्षर अजून बरं आहे, पण तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहावं असं कधी मनात आलं नाही. आज बसलो आहे खरा.

तेव्हा महाराजांच्या राज्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यातली एक आपण ज्या सरदारांच्या पदरी होतो त्यांची, म्हणजे आपल्या सरकारांची. तुमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या बंदुका दुरुस्त होत आलेल्या, म्हणून मोटार तुमच्या हाती आली. मी पागेत घोड्यांचे साज शिवायचो. घोडे कमी झाले आणि मला तुमच्या हाताखाली दिलं. मोटारीबरोबर विलायतेहून आलेले पाने मोठ्या कामाचे. बारीक जागेत त्यांतला एकही शिरत नसे. एकदा एक नट यंत्राच्या पोटात पडला आणि मी म्हणालो, असलं हत्यार आपल्याकडं नाही. तुम्ही खेकसलात, "हत्यार न्हाय म्हणं! डोस्कं हाय न्हवं? जा, ती मोडकी छत्री आण." छत्रीची काडी उपसून तुम्ही टोकाला माझ्याच दाभणाच्या मेणाची गोळी लावलीत, आत सोडलीत, आणि नट चिकटून वर आला. ती काडी तुम्ही मला देऊन टाकलीत. बारीक भोक साफ करायला घोड्याच्या शेपटीचा केस, तेल सोडायला कोंबडीचं पीस. आणि तोंड हा तुमचा तिसरा हात. खाली ठेवलेली वस्तू मातीची होते म्हणायचात आणि नट, खिळे, सुया ओठांत धरून काम करायचात.

त्या रविवारी सरकार जोतिबाला आले होते. डोलीतून ते वर गेले आणि आपण डोंगराच्या पायथ्याशी मोटारीपाशी थांबलो. येताना ती धक्के खात होती. पेट्रोल गाळायच्या वाटीत कचरा बसला असणार. पेट्रोल बंद करायची तोटी कधीचीच जाम झालेली. तुम्ही वाटीच्या तळाचं पितळी बूच काढून ओठांत धरलंत, केसानं भोक साफ केलंत, आणि पेट्रोल वाहून जाऊ नये म्हणून भोकावर बोट दाबलंत. एवढ्यात एक गाडीवान बैल थांबवून बघत उभा राहिला.

"काय पावणं, दूध देतीया का न्हाय?" तो ओरडला. "न्हाय तर माझी बैलं जुपा की!"

तुम्ही हसलात.

आधी मला कळलंच नाही. तुमचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, डोळे तारवटले, आणि ओठांत बूच नव्हतं. मी पाठीत बुक्क्या घातल्या. छत्रीची काडी वाकवून तुमच्या तोंडाशी नेली, तर तुम्ही माझा हात झिडकारलात. मोटारीतल्या कुठल्याही खोल जागेतून आपण वस्तू काढली होती, उस्ताद. ही जागा आपली नव्हती. गाडीवानाचा चेहरा पांढरा पडलेला. "मी आपली थट्टा केली वो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणतो आहे. आणि तुमचं बोट अजून भोकावर आहे. गुडघ्यावर बसलेले, छाती भात्यासारखी हलते आहे, पण बोट तुम्ही काढत नाही. ते पाहिलं तेव्हा तुम्ही काय सांगताय ते मला समजलं. पेट्रोल सांडलं तर इस्पितळ गाठता येणार नाही.

मी बाभळीची काडी तासली, साजाचा दोरा गुंडाळला. मेण पेट्रोलात विरघळतं हे तुम्हीच शिकवलेलं, म्हणून मोटार धुवायचा साबण चोळला आणि खुंटी भोकात ठोकली. गळती थांबली. सरकारांना विचारायला वर कोण जाणार? गाडीवानानं तुम्हाला उचलून बसवलं, मी हँडल मारलं, आणि निघालो. वरून यात्रेकरूंचं चांगभलं ऐकू येत होतं. वाटेत इंजिनाचा आवाज बदलला की तुम्ही माझ्या मांडीवर दोन बोटं आपटायचात, मी पेट्रोल कमी करायचो. शिट्टी आणि इंजिन, दोन्ही ऐकत मी पूल ओलांडला.

इस्पितळातल्या डॉक्टरांकडेही एक वाकडा चिमटा होता, चकचकीत. तोही पोचला नाही. बूच फार खाली गेलं होतं. पुढं ताप चढला, छातीत पू झाला, आणि तुम्ही गेलात. बूच तुमच्याबरोबरच मातीत गेलं. सरकार त्या रविवारी त्याच बैलगाडीतून परत आले होते. मला म्हणाले, "न इचारता मोटार न्हेलीस." पुढं म्हणाले, "बरं केलंस." विलायतेहून नवं बूच येईपर्यंत मोटार त्या खुंटीवरच चालली.

हे पाठवायचं कुठं? घडी घालून देव्हाऱ्याखाली ठेवीन. पण एक गोष्ट आहे, तेवढी लिहितो. त्या वाटेवर मी सारखा देवाचा धावा करत होतो. "जोतिबा, मोटार बंद पडू देऊ नको," एवढंच. तुम्हाला वाचव असं म्हणायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. मोटार कुठंही बंद पडली नाही, उस्ताद.