उर्शाच्या आखूड स्की

पोद्गोरा, १४ जानेवारी २०१३

प्रिय आलेंका हिस,
अनेक आशीर्वाद. फोनवर आपलं हमखास भांडण होतं, म्हणून लिहिते. सोबत घरी भाजलेली पोतित्सा पाठवली आहे, गोड गुंडाळी. आतले अक्रोड आपल्याच झाडाचे, तेव्हा नावं ठेवू नकोस.

रविवारी आपल्या टेकडीवर मुलींच्या स्की-उड्यांची स्पर्धा झाली. माइकवर नेहमीप्रमाणे मीच. आपली नेझा पुन्हा दुसरी, आणि पहिली कोण हे सांगायला हवं का? इर्माची उर्शा! माझा नुसता जळफळाट झाला. ती पोर हवेत सुटली की खाली यायचं नावच घेत नाही. येईल कशी? अंगावर मांस असेल तर ना! तुला नियम ठाऊकच आहे, उंचीच्या मानानं वजन कमी भरलं की हलकेपणाचा फायदा मिळू नये म्हणून आखूड स्की लावायला लावतात. तरी ही जिंकतेच. मी माइकवर म्हटलं, आता येतेय उर्शा, आजही आखूड स्कीवर, वारा सुटला तर कुणीतरी तिला धरा रे. लोक पोट धरून हसले. इर्मा तेवढी हसली नाही. पण नंतर चर्चबाहेर अशी मिरवत होती, जशी काही टेकडी तिच्या बापाचीच.

नेझा हिरमुसली आहे. मी तिला सांगितलं, उर्शाकडे बघ आणि शीक जरा.

लोभ आहेच, त्यातला थोडा भाचीच्या वाट्याला येऊ दे.
तुझी ताई,
मेत्का

लुब्लियाना, २२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पोतित्सा पोचली. नावं ठेवायला उरलीच नाही.

आता रागावू नकोस. इथे स्की महासंघात मी वार्ताहरांना आणि निवेदकांना हेच शिकवत असते, की उडी कशी झाली ते बोला, पाय कसे टेकले ते बोला, खेळाडूच्या अंगाबद्दल बोलू नका. आणि माझी सख्खी बहीण माइकवरून पंधरा वर्षांच्या पोरीच्या हाडांची टिंगल करते! आखूड स्की म्हणजे काय, ते टेकडीवरचं शेंबडं पोरही जाणतं. तू गावासमोर जाहीर केलंस की ती जेवत नाही. तुमच्याकडच्या पेपरवाल्यानं तुझं वाक्य उचललं आणि वर मथळा दिला ‘पिसासारखी उर्शा’. तेही कौतुकानं, हे तर आणखी वाईट.

शाळेच्या नाटकात इर्माला राणी केलं तेव्हापासून तुझ्या पोटात दुखतंय, ते मला ठाऊक आहे. पण ते तिच्या मुलीवर काढू नकोस. त्या दोघींची माफी माग. नेझाला तर कुणाकडेच बघायला सांगू नकोस.

धाकटीनं शहाणपण शिकवलं म्हणून माया आटू देऊ नये, ही विनंती.
तुझी,
आलेंका

पोद्गोरा, १८ फेब्रुवारी

प्रिय आलेंका हिस,
आशीर्वाद. महासंघात खुर्ची मिळाली म्हणून माझ्यावर कशाला तोरा? मी खोटं काय बोलले? स्कीची लांबी सगळ्यांना दिसते, मी फक्त बोलून दाखवली.

उर्शा आता टेकडीवर येत नाही. लोक रस्त्यात तिला ‘पीस’ म्हणून हाक मारतात आणि ती घरी जाऊन रडते म्हणे. वजन वाढेपर्यंत उड्या बंद, असं डॉक्टरांनी सांगितलंय. वाईट वाटलं गं. पण तुझ्यापाशी कशाला लपवू, थोडं बरंही वाटलं.

कारण आता नेझा पहिली येते! इतकी शिस्तीची झालीय की काय सांगू. पिठाच्या गरम झ्गांत्सीला हात लावत नाही, सॉसेज तर लांबच राहिलं. सफरचंद खाते आणि पळायला जाते. हवेत अशी तरंगते की बघत राहावं. बसू दे आता इर्माला जळत.

राग गेला की उत्तर लिही; माझा गेलाय असं समज.
तुझी ताई,
मेत्का

पोद्गोरा, २ मार्च

ती. आलेंकामावशीस,
शि. सा. न. हे आईला सांगायला मला जमत नाही, तूच सांग. पुढच्या स्पर्धेपासून मलाही आखूड स्की लावाव्या लागणार आहेत. मी ठरवूनच केलं. पण आता थांबावंसं वाटतं तर थांबता येत नाही. घास घशाखाली उतरत नाही, जिना चढताना चक्कर येते.

लोक हसले तेव्हा उर्शाला किती लागलं, ते मी पाहिलंय. तरी मावशी, मला तिचा हेवाच वाटायचा. आई माइकवर माझं नाव घेते, क्रमांक सांगते आणि पुढे जाते. उर्शाचं नाव आलं की तिचा आवाजच बदलायचा. मग ती बोलतच राहायची. घरी जेवतानाही उर्शा आणि उर्शाच. एकदा तरी आईनं माझ्याबद्दल इतकं बोलावं, असं वाटलं.

ओरडू नकोस, फक्त ये.
तुझी,
नेझा

पोद्गोरा, १४ एप्रिल

प्रिय आलेंका हिस,
आशीर्वाद. तू येऊन ते पत्र मला वाचायला दिलंस, तेव्हापासून तुला लिहायचं धाडस झालं नाही. नेझाच्या उड्या यंदा बंद. दर आठवड्याला डॉक्टरांकडे नेते. माइक मी सोडला.

परवा त्या पेपरवाल्याचा फोन आला, की नेझा दिसत नाही, काय झालं? मी म्हटलं, ती यंदा खेळत नाही एवढं छाप, त्यापुढे एक अक्षर लिहिलंस तर दारात येऊन बसेन. त्यानं ऐकलं. उर्शाच्या वेळी त्याला हे सांगणारं कुणी नव्हतं.

काल इर्माकडे गेले. तिनं मला बराच वेळ दारातच उभं ठेवलं, मग आत घेतलं. मी माफी मागितली. उर्शा टेबलाशी जेवत होती. तिनं मान वर न करता आईला म्हटलं की भूक आहे अजून, बटाटे वाढ. इर्मानं वाढले. जन्मभर मी त्या बाईवर जळले गं, पण कालच्याइतकी कधीच नाही. माझी मुलगी घरी माझ्यासमोर बसून नुसता चमचा फिरवते.

लोभ कमी केलास तरी चालेल, पण रविवारी जेवायला ये. तू शेजारी बसलीस की ती चार घास खाते, माझ्याशेजारी खात नाही. त्याचाही मला हेवा वाटतो. तरी ये.
तुझी ताई,
मेत्का