विहिरीत परत न गेलेला थेंब

बाई, तुम्हांला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, तरी तुमची चिकटवही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मासिकांतली कात्रणं तुम्ही खळीनं चिकटवलेली: दगडातून उजेड देणारा धातू काढणारी बाई, ताऱ्यांची मोजदाद करणारी बाई, पुलाचं काम उन्हात उभं राहून करवून घेणारी बाई. चिकोडीच्या शाळेत आम्ही जेमतेम नऊ मुली. "अगं, ह्यांना काय चार हात होते का?" असं तुम्ही विचारायचात. पण गोष्टीआधी एक काम असे. आम्हां जैनांच्या घरी पाणी फडक्यानं गाळतात आणि फडक्यात अडकलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडतात. तसल्या पाण्याचा थेंब तुम्ही काचेवर घेऊन भिंगातून दाखवायचात आणि मग म्हणायचात, "आधी थेंब विहिरीत, मग गोष्ट." एकदा मी आळस केला, तर हाताला धरून विहिरीपर्यंत नेलंत मला. तुम्ही स्वतः जैन नव्हता, तरी. लई राग आलता मला तुमचा.

आता मी निपाणीत शिकवते. तुमचंच भिंग, तुमचीच वही. गेल्या महिन्यात एक अकरा वर्षांची पोर भिंगावर वाकली आणि ओरडली, "बाई, ह्येच्या पोटातलं सुदिक दिसतंय! मीबी ह्येच शिकणार. बेळगावला जाणार!" मला इतका हर्ष झाला की मी वही उघडून गोष्टी सांगत सुटले. काच खिडकीत उन्हातच राहिली. बघितलं तेव्हा थेंब सुकून गेला होता.

पोरीनं घरी एवढंच सांगितलं की थेंब सुकला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन आले. शाळेच्या कमिटीत त्यांचा शब्द चालतो. "बाई, तुमी तर आपल्यातल्याच. शाळंत जीव मारत्यात व्हय? कुणी ठेवलं ते उन्हात?"

त्या दिवसापासून पोरीची शाळा बंद आहे. आता लग्नाचं बघतायत म्हणे. तुमच्या वहीचं मी काय केलं बाई, काय दिवे लावले! आता दुसऱ्या कुणा पोरीपुढं ती उघडायला हात धजत नाही.

हे पत्र टाकू तरी कुठं? पण तुमच्यापासून लपवून जमत नाही. तिच्या वडिलांनी विचारलं तेव्हा मला माझी नोकरीच तेवढी दिसली. मी म्हणाले, "तिच्याकडून राहिलं." पोरीनं माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाली, "व्हय आप्पा, माझ्याकडनंच राहिलं."