बाबांचं श्राद्ध आणि माझा खुबा

प्रिय सेह्योक,

माझ्या उजव्या खुब्याचं हाड मेलंय. काल देगू शहरातल्या डॉक्टर बांगबाईंनी एमआरआय बघून पक्कं सांगितलं. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचेना, आणि तो आता चेपायला लागलाय. "वर्षभरात खुबा निखळला होता?" त्यांनी विचारलं. "झाडावरून पडलो," मी म्हटलं.

खरं काय ते तुला, मला आणि आईला माहीत आहे. गेल्या वर्षी बाबांच्या श्राद्धाच्या ताटांपुढे तू ताठ उभा राहिलास. "आमच्या चर्चमध्ये मेलेल्यांपुढे डोकं टेकत नाहीत." मी तुझ्या तोंडावर ठोसा मारला. तुझं रक्त भातावर उडालं. मग तू मला कमरेला धरून उचललंस आणि पडवीतून खालच्या दगडी पायरीवर आपटलंस. पाय उलटा वळला, तरी तू लाथा घालतच होतास. मला उठता आलं असतं, तर मी तुला जिवंत सोडलं नसतं.

डॉक्टरबाईंनी सगळे उपाय सांगितले. हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात, पण माझी ती वेळ गेली. हाड कापून गोळा फिरवता येतो, म्हणजे चांगली बाजू वजनाखाली येते. त्यात कितीतरी महिने कुबड्या, आणि टिकेल याची खात्री नाही. नाहीतर सांधाच बदलायचा. दुखणं जाईल, पण गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावायचं नाही. "वर्षातून एकदाच लावतो," मी म्हटलं. "निखळायला एकदाच पुरतं, काका."

आई म्हणते, गोळाच फिरवून घे. थोरला वाकला नाही तर बाबा उपाशी परत जातील. इथे मला मोजा धड घालता येत नाही, शिडी चढता येत नाही. प्रत्येक मोजा घालताना तुझा जबडा फोडावासा वाटतो. अजूनही वाटतो.

तरी लिहितोय, कारण मी सांधा बदलायचं ठरवलंय. मंगळवारी ऑपरेशन. महिन्याभराने श्राद्ध, आणि यंदा बाबांपुढे मीही उभाच राहणार. मला एकट्याला तसं उभं बघणं आईला सोसणार नाही. तू शेजारी येऊन उभा राहा. वाक म्हणणार नाही. कुठल्या तोंडाने म्हणू? मनात तुझ्या देवाचं नाव घे हवं तर. तू येतोयस, असं आईला सांगून टाकलंय. ती म्हणाली, "मग श्राद्धाच्या ताटाला मासा मोठा आणावा लागेल."

तुझाच,
थोरला ग्वांग-मो