जावईबापूंच्या गाडीचे ऑइल

एकोडी, ता. साकोली
दि. १८ जानेवारी

आदरणीय जावईबापू अंकुशराव यांना गुलाबराव रामटेके यांचा सप्रेम जयभीम.

आपली तब्येत ठणठणीत असावी. नागपूरच्या थंडीत आपल्याला सर्दी लवकर होते, हे दीपमालाने लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात कळवले होते. तेव्हापासून थंडी पडली की मी आणि रत्नाबाई आपल्या नाकाची काळजी करत बसतो. आपल्या आईवडिलांनाही आमचा जयभीम सांगावा. इकडे आम्ही तिघेही बरे आहोत. (तिघे म्हणजे मी, रत्नाबाई आणि दीपमाला. तिसरी व्यक्ती इथे आहे हे आपल्या लक्षात नसावे, असे आपल्या मेसेजवरून वाटले, म्हणून खुलासा केला.) मेसेज परवा पोचला. "गाडी कधी पाठवता?" असे तीन शब्द होते. दीपमाला आपली गाडी घेऊन, एकटी, दोन बॅगा मागच्या सीटवर टाकून इकडे आली त्याला दोन महिने अकरा दिवस झाले. एवढ्या काळात आपला हा पहिला निरोप, आणि तो गाडीविषयी. गाडीची आपल्याला इतकी ओढ आहे हे पाहून बरे वाटले. माणसाला कशाची तरी ओढ असावी. तेव्हा गाडीची हकीकत सविस्तर लिहितो.

गाडी आली त्या दिवशी आमचे धान मळून नुकतेच घरात आले होते. रत्नाबाईने अंगण शेणाने सारवून घेतले होते. त्या अंगणात आपली चौदा वर्षांची छोटी गाडी रात्रभर उभी राहिली आणि सकाळी तिच्याखाली पोळीएवढा काळा डाग पडलेला होता. मी तो बोटाने चाचपून पाहत होतो, तेवढ्यात दीपमाला घरातून रिकामा खोका फाडून घेऊन आली आणि खाली न वाकता, न पाहता, पायाने सरकवून बरोबर त्या जागेवर ठेवून गेली. इतका सराव एका दिवसात होत नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, तीन वर्षांपासून गळते आहे. आपल्याला ठाऊक होते, पण "गळते तं गळू दे, वरून टाकत जा" असे आपण म्हणाला होतात. टाकायचे कोणी, हे त्या वाक्यात नव्हते, तरी तिला ते समजले.

आता आपण म्हणाल, गाडी साकोलीच्या गॅरेजला का नाही टाकली? त्याचे कारण आपल्याला सांगायला संकोच वाटतो, म्हणून स्पष्टच सांगतो. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या चंद्रभागाबाई भाजी मागायच्या निमित्ताने आल्या आणि म्हणाल्या, "पोरगी अजून हायेच का व?" रत्नाबाईने क्षणभरही न थांबता सांगितले, "जावयाची गाडी खराब झाली न. थे दुरुस्त झाली का जाईन." झाले. त्या घडीपासून आमच्या मुलीचे आमच्याच घरात राहणे आपल्या गाडीच्या गळतीवर अवलंबून राहिले. गॅरेजवाल्याने चार दिवसांत गाडी हातात दिली असती, तर पाचव्या दिवशी गावाने दीपमालाची बॅग भरली असती. (गावाला दुसऱ्याची बॅग भरायला वेळ लागत नाही.) म्हणून दुरुस्ती घरीच करायचे ठरले.

मी एस.टी.त अठ्ठावीस वर्षे कंडक्टर होतो, हे आपण जाणताच. लग्नाच्या बोलणीत आपल्या काकांनी ते दोनदा विचारले होते, "ड्रायव्हर नाही ना?" असे. एस.टी.चे स्टिअरिंग कधी हातात आले नाही, पण इतकी वर्षे इंजिनाशेजारी उभे राहून इंजिन आपोआप कळू लागते असा माझा समज होता. दवाखान्याच्या शिपायाला डॉक्टरकी येते, तसा. त्यामुळे मी मोठ्या विश्वासाने बॉनेट उघडले. ऑइल पाहायची पट्टी कुठे असते ते दीपमालाने दाखवले. मी गाडी सुरू केली, थोडी फिरवली, बंद केली, लगेच पट्टी ओढून पाहिली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते. मी डबा उघडून मापाने टाकू लागलो, तर रत्नाबाई दारातून म्हणाली, "जावयाची गाडी हाये. तिले मोजून देता का? वरून शीग येऊ द्या."

इथे आमच्या घरची रीत सांगितली पाहिजे. लेकीच्या घरी धान पाठवायचे तर पायली सपाट करत नाहीत. माप भरले की वर शीग येईपर्यंत ओततात, मग ते ओले असो की सुके, आमचे असो की उसने. आपल्याकडे तीन वर्षे जे तांदूळ आले ते असेच मापलेले होते (आपल्याला ते कमी वाटले असे एकदा आपल्या आईंनी फोनवर सांगितले होते, त्यांनी सपाट करून मोजले असावे). मला रीत पटली. पूर्ण डबा रिकामा केला, वरून पंपाच्या इंजिनासाठी आणलेल्या ऑइलमधलेही उरलेले टाकले. डबा पालथा पडलेला पाहून दीपमालाने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, आत्ताच तं गाडी बंद केली तुमी. ऑइल वरतंच हाये अजून, खाली उतरू तं द्या. थंड झाल्यावर पाहतात." थंड झाल्यावर पाहिले. पट्टी वरच्या खुणेच्या वर दोन बोटे भिजलेली होती. गाडी सुरू केली तेव्हा मागून चुलीसारखा धूर निघाला आणि जिथून थेंब यायचे तिथून धार येऊ लागली. मान दिल्यावर माणसे जशी वागतात, तशीच ती वागली. (हे सर्वसाधारण लिहिले आहे.)

जादा ऑइल खालून काढण्यात एक दिवस गेला. घरामागच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे उंच बांधावर, पुढची चाके चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, आणि मी धानाच्या खुंटांवर पाठ टेकून आत सरकलो. नट सोडला तेव्हा तोंड बंद ठेवायचे असते, हे कोणी सांगितले नव्हते. दोन दिवस वरणाला गाडीची चव होती.

त्यानंतर गळते कुठून ते शोधायचे होते. इंजिन रॉकेलने धुऊन, सुकवून त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरायची, गाडी फिरवून आणायची, जिथे पावडर भिजली तिथे गळती, अशी एक युक्ती मी डेपोत पाहिली होती. दीपमालाच्या लग्नात आलेले पावडरचे सहा डबे पडून होते. मी चार वापरले. साकोलीला जाऊन परत आलो तेव्हा अख्ख्या रस्त्यावर आपल्या गाडीचा सुवास दरवळत होता. एवढे मात्र कळले, की मुख्य गळती वरच्या झाकणाच्या कडेने आहे, म्हणजे टॅपेट कव्हरची पॅकिंग गेली आहे. आणि दुसरी खाली, ज्यातून ऑइल काढले त्या चेंबरच्या नटापाशी आहे.

पॅकिंग म्हणजे जाड कागद, असे मी ऐकून होतो. घरात जाड कागद एकच होता. आपल्या लग्नाच्या पत्रिका. आपल्याकडून मागणी आली होती म्हणून पाचशे छापल्या, त्यातल्या दीडशे उरल्या. कागद उत्तम होता, आपल्या वडिलांनीच निवडला होता. (निवड त्यांची, छपाई आमची.) कव्हर कागदावर ठेवून पेन्सिलीने कड आखली आणि कात्रीने कापली. एका पत्रिकेत ते मावेना, म्हणून दोन जोडल्या. बसवले, नट असे आवळले की हातावर शिरा आल्या. गाडी तीन किलोमीटर कोरडी चालली. मग ऑइल आले, आणि आले तेही बरोबर जिथे "चि. अंकुश" छापले होते त्या बाजूने. मी हे शपथेवर सांगतो. रत्नाबाई हसली. दीपमाला हसली नाही. तिने पत्रिकेचा तो काळा झालेला तुकडा हातात घेऊन वाचला आणि चुलीत टाकला.

त्या दिवशी ती बोलली. आम्ही विचारले नव्हते. हात पुसता पुसता तिने सांगितले, की आपल्या सोसायटीत पार्किंगच्या फरशीवर ऑइलचे डाग पडतात म्हणून तक्रार झाली, तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती साबणाचा भुगा आणि घासणी घेऊन खाली जायची, आणि आपण दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चहा घेत उभे राहून कुठे राहिला ते वरून दाखवायचात. येणारे-जाणारे थांबून पाहायचे. हे दीड वर्ष चालले. अंकुशराव, या दीड वर्षात तिने मला तीन वेळा फोन केला होता, आणि तीनही वेळा मी तिला "सांभाळून घे" म्हटले. काय झाले ते विचारलेही नाही. आपल्याविषयी मला जे वाटते ते जावयाला लिहिण्यासारखे नाही. माझ्याविषयी जे वाटते ते लिहितो. मला लाज वाटते.

पुढची दुरुस्ती तिनेच केली. साकोलीहून रबराची पॅकिंग आणली, कड खरवडून पेट्रोलने पुसली, आणि नट आधी सगळे हलकेच, मग समोरासमोरचे थोडे थोडे असे आवळले. मी ताकद लावायला पुढे झालो तर म्हणाली, "बाबा, तुमी फक्त पाना धरून उभे राहा." खालच्या नटाला नवा तांब्याचा वायसर टाकला. दोन दिवस खोका कोरडा निघाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओला. तिने नट पुन्हा आवळला. चार दिवसांनी पुन्हा ओला. वायसर बदलला. पुन्हा तेच. जुन्या गाड्यांचे असे असते. एक झाले की दुसरे निघते, कारण कळत नाही. अशा परिस्थितीत गाडी नक्की कधी पाठवता येईल, हे आजच्या घडीला सांगणे कठीण आहे. आपण धीर धरावा. थोरांना आमचा नमस्कार कळवावा, सर्दीसाठी कोमट पाणी प्यावे.

आपला,
गुलाबराव रामटेके

ता.क. पत्र लिहून झाल्यावर पुन्हा वाचले. त्यात एक गोष्ट खोटी आहे. नवा वायसर टाकल्यानंतर खालचा नट आपोआप ढिला झाला नव्हता. दुपारी मायलेकी जरा पडल्या की मी पाना घेऊन धुऱ्यावरच्या गाडीकडे जात होतो आणि पाव वेढा सोडत होतो. तिन्ही वेळा मीच. गाडी गळत होती तोवर चंद्रभागाबाईंना सांगायला उत्तर होते. मला वाटले, अजून महिनाभर गळू द्यावी, तोवर काहीतरी सुचेल. गेल्या मंगळवारी मी गाडीखालून निघालो तर दीपमाला समोर उभी. पाना माझ्या हातात होता, शर्टावर ताजे ऑइल. ती रागावली नाही. म्हणाली, "बाबा, गाडी गळो का नको गळो, मी जाणार नाही. तुमी उगा ऑइल कायले सांडता?" मग स्वतः आत सरकून तिने नट आवळला आणि पाना स्वतःकडे ठेवून घेतला. संध्याकाळी मी चंद्रभागाबाईंच्या घरी गेलो आणि खरे काय ते सांगितले, त्यांच्या दोन्ही सुनांसमोर. त्या म्हणाल्या, "मंग आधीच सांगाचं न जी." अडीच महिने ज्याला मी भीत होतो ते एवढेच निघाले.

ता.क. गाडी त्या दिवसापासून एक थेंब गळत नाही. ऑइल दोन्ही खुणांच्या मधोमध आहे, थंड असताना पाहिले आहे. आपण येऊन न्यावी किंवा माणूस पाठवावा. त्या माणसाच्या हाती मात्र दीपमालाची निळी फाइल पाठवावी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डी.एड.चे प्रमाणपत्र आणि जातीचा दाखला तीत आहेत. तिने शाळेत अर्ज करायचा म्हटल्यावर आपण ती आपल्या लोखंडी कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली होती, असे ती सांगते. इकडे एका शाळेत जागा आहे, अर्जाची शेवटची तारीख ३१ जानेवारी. फाइल हातात आल्याशिवाय गाडीची किल्ली मिळणार नाही. हे एवढे मागण्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो.

ता.क. पाकीट चिकटवण्याआधी दीपमालाने पत्र वाचायला मागितले. वाचून म्हणाली, "एवढं कायले लिहिलं बाबा? गाडी न्या, फाइल द्या. दोन ओळीत झालं असतं." मी म्हटले, जावयाला दोन ओळीत लिहीत नसतात, बरे दिसत नाही. ती म्हणाली, "मंग जोवर जावई हाये तोवर लिहून घ्या." म्हणून पत्र एवढे लांबले.